धर्मशाळा आणि नगर : गाडगे महाराजांचे चरित्र

महाराष्ट्राबाहेरील अभ्यासकांना गाडगे महाराजांची ओळख बहुधा दोन प्रकारे झालेली असते : हाती खराटा घेऊन गावे झाडणारे साधू म्हणून, आणि मराठी कीर्तनपरंपरेतील एक निरक्षर परंतु विलक्षण प्रभावी कीर्तनकार म्हणून. या दोन्ही ओळखी यथार्थ आहेत. तथापि त्यांच्या आयुष्याची जवळजवळ पन्नास वर्षे ज्या एका कार्याने व्यापली, त्याचा विचार त्या मानाने थोडा झाला आहे. हे कार्य म्हणजे ज्यांना परगावी रात्र काढण्यास जागा नाही अशांसाठी निवारा उभारणे. बेघरांना आसरा देणे हे नगराचे कर्तव्य आहे, की ते दानशूरांच्या मर्जीवर सोडावे, हा वाद आपल्या नागरी जीवनात वारंवार उपस्थित होतो. गाडगेबाबांनी या वादात सिद्धान्त मांडून भाग घेतला नाही. पण त्यांचे चरित्र त्या वादाच्या दोन्ही बाजूंना काही सांगू शकते, आणि म्हणूनच ते या अंगाने पुन्हा वाचण्याजोगे आहे.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. नाव डेबूजी, वडिलांचे नाव झिंगराजी, आडनाव जाणोरकर. झिंगराजींना दारूचे व्यसन जडले होते. देवाच्या नावाने बोकड कापावा आणि दारूची पंगत घालावी, या त्या काळच्या रूढीने ज्या घरांची धूळधाण केली, त्यांपैकी हे एक घर होते. डेबूजी लहान असतानाच वडील वारले, आणि आई सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरी आली. राहते घर सुटणे आणि दुसऱ्याच्या छपराखाली वाढणे हा अनुभव पुढे लक्षावधींच्या निवाऱ्याची चिंता वाहणाऱ्या या पुरुषाला असा बालपणीच आला.

आजोळी त्यांनी गुरे राखली आणि पुढे शेती केली. मेहनतीने पिकविलेली मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली. जप्तीसाठी आलेल्या माणसांपुढे तरुण डेबूजी शेतात ठाम उभे राहिल्याचे त्यांच्या चरित्रकारांनी सांगितले आहे. निरक्षर माणसाला कागदावर काय लिहिले आहे हे ठाऊक नसते आणि तेवढ्यावरून त्याचे घरदार जाऊ शकते, हा धडा त्यांच्या मनावर कायमचा कोरला गेला. कर्ज, दारू, अज्ञान आणि खर्चिक रूढी यांवर त्यांच्या कीर्तनांचा जो सततचा प्रहार आढळतो, त्याचे मूळ या अनुभवात आहे. माणूस बेघर होतो तो सहसा एका दिवसात होत नाही, त्यामागे अशी कारणांची साखळी असते, हे त्यांना पुस्तकाविना कळले होते.

कुंताबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता, मुलेबाळेही होती. मुलीच्या बारशाच्या प्रसंगी मटण आणि दारू यांची रूढ पंगत नाकारून त्यांनी जातभाईंना गोडाचे जेवण वाढले, हे त्यांच्या सार्वजनिक वर्तनातील पहिले बंड मानले जाते. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. यानंतरचा त्यांचा वेष सर्वश्रुत आहे : अंगावर निरनिराळ्या चिंध्या जोडून केलेले वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा आणि जवळ एक मातीचे गाडगे. ते पाणी पिण्यास, भाकरी घेण्यास आणि वेळप्रसंगी डोक्यावर पालथे घालण्यासही उपयोगी पडे. या गाडग्यावरूनच लोकांनी त्यांना नाव दिले. गावात शिरताच ते रस्ता झाडू लागत, कोणाची लाकडे फोडून देत, आणि केलेल्या कामाच्या बदल्यात मिळेल ती भाकरी खात. संन्यास घेण्याची, मठ स्थापण्याची, शिष्य करण्याची परंपरागत वाट त्यांनी घेतली नाही. स्वेच्छेने पत्करलेले बेघरपण मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.

त्यांच्या बांधकामांचा प्रारंभ ऋणमोचन येथे झाला. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी असलेल्या या गावी पौष महिन्यात यात्रा भरते. काठावरच्या चिखलात यात्रेकरू घसरत, म्हातारी माणसे पडत. देवदर्शनास आलेल्या माणसाची ही दैना पाहून गाडगेबाबांनी लोकांच्या श्रमातून आणि वर्गणीतून १९०८ च्या सुमारास तेथे घाट बांधून घेतला. त्यांनी स्वतः त्या यात्रेत मंदिरात जाऊन पूजा केली की नाही, हा प्रश्न गौण आहे. त्यांचे लक्ष देवाकडे जाणाऱ्या माणसाच्या पायाखालच्या जमिनीकडे होते. पुढे हेच लक्ष त्या माणसाच्या डोक्यावरच्या छपराकडे वळले.

या वळणाचे सर्वांत महत्त्वाचे ठिकाण म्हणजे पंढरपूर. आषाढी आणि कार्तिकी एकादशीला लक्षावधी वारकरी तेथे जमतात. पंढरपुरात मठ, वाडे आणि धर्मशाळा यांची उणीव नव्हती. परंतु त्यांची दारे जातीनुसार उघडत आणि मिटत. अस्पृश्य मानलेल्या जातींतील वारकऱ्याला विठ्ठलाच्या मंदिरात प्रवेश नव्हता, आणि बहुतेक धर्मशाळांतही नव्हता. आषाढाच्या पावसात त्याला चंद्रभागेच्या वाळवंटात किंवा गावाबाहेर उघड्यावर रात्र काढावी लागे. येथे बेघरपणाचे एक स्वरूप स्पष्ट दिसते. घरे पुरेशी असूनही माणूस बेघर राहू शकतो, कारण घरांना दारे असतात आणि दारांना मालक असतात.

भारतीय भक्तिसाहित्याच्या अभ्यासकाला येथे अनेक स्मरणे होतील. तमिळ परंपरेत नंदनार चिदंबरमच्या सीमेवर तिष्ठतो; कन्नड परंपरेत कनकदास उडुपीच्या मंदिराबाहेर उभा राहतो. मराठीत ही जागा चोखामेळ्याची आहे. चौदाव्या शतकातील या महार संतकवीची समाधी विठ्ठल मंदिराच्या महाद्वारापाशी, पायरीजवळ आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असता ते कोसळून त्याखाली इतर मजुरांसह चोखामेळ्याचा अंत झाला, असे परंपरा सांगते. गावाची भिंत बांधणारा माणूस गावात राहू शकत नव्हता, आणि त्या भिंतीनेच त्याचा प्राण घेतला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गाडगेबाबांनी पंढरपुरात अस्पृश्य यात्रेकरूंसाठी जी धर्मशाळा उभारली, तिला त्यांनी चोखामेळ्याचे नाव दिले. परंपरेने पायरीपाशी थांबविलेल्या संताच्या नावाने त्यांनी एक दार उघडले. विठ्ठल मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडण्यासाठी मात्र साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. निवाऱ्याचे दार देवाच्या दाराआधी सुमारे तीन दशके उघडले होते.

या इमारतींसाठी लागणारा पैसा आला कोठून, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनाही महत्त्वाचा आहे. कारण त्याचे उत्तर एका वाङ्मयप्रकारात सापडते. तो प्रकार म्हणजे कीर्तन. गाडगेबाबांचे कीर्तन शास्त्रोक्त नव्हते. पूर्वरंग, उत्तररंग, आख्यान ही नारदीय कीर्तनाची चौकट त्यांनी जवळजवळ बाजूस सारली होती. वऱ्हाडी बोलीत ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, श्रोते एकमुखाने उत्तर देत, त्या उत्तरातूनच ते पुढचा प्रश्न काढीत. कर्जाचे व्याज, दारूचा खर्च, मुलाची शाळा, घरातील फुटकी भांडी, हे त्यांच्या कीर्तनाचे विषय. संतवचनांचा आधार ते घेत, पण ती वचने प्रमाण म्हणून न येता दैनंदिन व्यवहारावरचे भाष्य म्हणून येत. ऐकणारा हसत असे, आणि हसताहसता स्वतःच्याच वागण्याचा साक्षीदार बनत असे. अशा कीर्तनाने जमलेला समाज खिशात हात घाली. पैसा बाबा स्वतःच्या हातात घेत नसत. तो त्या त्या कामाच्या पंचांकडे जाई. लक्षावधी रुपयांची बांधकामे ज्याच्या शब्दावर झाली, त्याच्या गाडग्यात दुसऱ्या दिवसाची भाकरी नसे.

या वृत्तीची कसोटी १९२३ मध्ये लागली. कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता त्यांचा मुलगा गोविंद वारल्याची बातमी आली. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. हा प्रसंग वैराग्याचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितला जातो. परंतु त्याची किंमत कुंताबाईंनी आणि सखुबाईंनीही मोजली होती, हे चरित्र वाचताना विसरता येत नाही. उभारलेल्या संस्थांवर आपल्या आप्तांचा कोणताही हक्क राहू नये, अशी व्यवस्था बाबांनी कटाक्षाने केली. सार्वजनिक निवाऱ्याची खासगी मालमत्ता होऊ नये या दृष्टीने ही व्यवस्था आदर्श होती. पण हजारोंना छप्पर देणाऱ्याच्या घरच्या माणसांनी मात्र साधेपणात आणि विरहात दिवस काढले.

पंढरपूरमागोमाग आळंदी, देहू, नाशिक, त्र्यंबकेश्वर अशा तीर्थक्षेत्री त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभ्या राहिल्या. मूर्तिजापूरला गोरक्षण, धर्मशाळा आणि शाळा झाली. अंध, पांगळे आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी सदावर्ते चालू झाली. या धर्मशाळांत स्वच्छतेला पूजेचे स्थान होते. उतरणाऱ्याने जागा झाडावी, दारू पिऊ नये, भांडू नये, अशी शिस्त असे. गरीब माणसाला फुकट दिलेली जागा घाणेरडी असलीच पाहिजे, हा आपल्याकडील समज त्यांनी प्रत्यक्ष उदाहरणाने खोडून काढला.

तीर्थक्षेत्रांकडून ते मुंबईकडे वळले, तेव्हा प्रश्नाचे रूप पालटले. मुंबईची निवाऱ्याची समस्या जुनी होती. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, शहरसुधारणेसाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्यांतील अनेक घरे पाडली, परंतु पाडलेल्या घरांच्या मानाने गरिबांसाठी बांधलेली घरे अपुरी होती. १९२० मध्ये स्थापन झालेल्या सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने पन्नास हजार खोल्यांचा संकल्प सोडला. प्रत्यक्षात सोळा हजारांच्या आसपास खोल्या झाल्या, आणि त्यांतल्याही कित्येक प्रारंभी रिकाम्या राहिल्या. भाडे परवडत नव्हते आणि गिरणी दूर पडत होती. एकीकडे रिकाम्या खोल्या आणि दुसरीकडे पदपथावर झोपलेले मजूर, हे दृश्य शहराला तेव्हापासून परिचित आहे.

गाडगेबाबांचे लक्ष मुंबईत विशेषतः इस्पितळांभोवती झोपणाऱ्या माणसांकडे गेले. गावाकडचा रोगी जे. जे. रुग्णालयात दाखल होई. त्याला खाट मिळे. पण त्याच्याबरोबर आलेली बायको, आई किंवा भाऊ कोठे राहणार? तीर्थक्षेत्री यात्रेकरू दोन-चार दिवस राहतो. येथे आठवडे आणि महिने जात. शहरात ओळख नाही, भाड्याला पैसे नाहीत, आणि रोग्याला सोडून जाता येत नाही. अशा लोकांसाठी जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांच्या प्रयत्नाने १९५४ च्या सुमारास धर्मशाळा झाली. बाबांच्या कार्यातील ही घटना माझ्या मते सर्वांत अर्थपूर्ण आहे. देवळाला जाणारा माणूस आणि इस्पितळाला जाणारा माणूस यांच्यात त्यांनी फरक केला नाही. दोघांनाही कोणीतरी बोलावलेले असते. आणि ज्याने बोलावले, त्याच्या दारी त्यांनी उघड्यावर झोपावे, हे त्यांना मान्य नव्हते.

येथे मूळ वादाकडे यावयास हवे. नगराने बेघरांसाठी घरे पुरवू नयेत असे म्हणणाऱ्यांचे आक्षेप क्षुल्लक नाहीत. फुकट निवारा दिला तर गावोगावचे लोक शहराकडे लोटतील. करदात्यांवर भार पडेल. घेणाऱ्याची श्रमवृत्ती लोपेल. आणि नगरपालिकेच्या कारभारात जी अनास्था असते ती निवाऱ्यातही शिरेल. धर्मशाळेत जे प्रेम आणि जी शिस्त असते, ती सरकारी इमारतीत येणार नाही, असाही त्यांचा दावा असतो. गाडगेबाबांचे चरित्र या पक्षाला काही पुरावे देते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ते स्वतः कामाशिवाय भाकरी घेत नसत. त्यांच्या धर्मशाळा सरकारी तिजोरीतून उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांचा निवारा तात्पुरता होता. त्याला मुदत होती, नियम होते.

परंतु हेच चरित्र बारकाईने पाहिले असता दानधर्माची सीमाही दिसून येते. कीर्तनाच्या एका रात्रीत जो पैसा जमतो, तो ज्याचा शब्द लोकांच्या अंतःकरणापर्यंत पोचतो त्याच्यासाठी जमतो. असा माणूस प्रत्येक शहरात, प्रत्येक पिढीत निपजत नाही. धर्मशाळा येऊन जाणाऱ्यासाठी असते. शहरात कामासाठी येणारा मनुष्य मात्र येऊन जात नाही; तो शहराचे रस्ते खोदतो, माल वाहतो, इमारती बांधतो आणि रात्री त्याच रस्त्याच्या कडेला झोपतो. त्याला आळशी ठरविणे हे वस्तुस्थितीला धरून नाही. यात्रेकरूला पंढरपूर बोलावते, रोग्याला इस्पितळ बोलावते, तसे मजुराला शहराचे बाजार आणि कारखाने बोलावतात. पहिल्या दोघांविषयीचे कर्तव्य ज्या न्यायाने उभे राहते, त्याच न्यायाने तिसऱ्याविषयीचेही उभे राहते. आणि ते इतके मोठे आहे की एखाद्या साधूच्या गाडग्यात मावणारे नाही.

ही सीमा बाबांनाही जाणवली असावी, असे त्यांच्या उत्तरायुष्यातील वर्तनावरून वाटते. गोरगरिबांच्या मुलांची वसतिगृहे चालविणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेचे सरकारी अनुदान स्वातंत्र्यानंतरच्या काळात बंद झाले, तेव्हा मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे बाबांनी आपले वजन खर्च करून ते सुरू करविले, असे चरित्रकार नोंदवितात. स्वतःसाठी कपर्दिकही न मागणाऱ्या या पुरुषाला राज्याच्या तिजोरीकडे गरिबांच्या निवाऱ्यासाठी मागणी करण्यात संकोच वाटला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंच्या निवाऱ्याला त्यांनी अशा रीतीने शिक्षणाशी जोडले. फेब्रुवारी १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशनची स्थापना होऊन उरलेल्या संस्थांची व्यवस्था एका नियमबद्ध संघटनेकडे गेली. व्यक्तीच्या पुण्याईवर चालणारे काम संस्थेच्या जबाबदारीत रूपांतरित व्हावे, ही दिशा यातून स्पष्ट होते.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचे अखेरचे कीर्तन झाले. ६ डिसेंबरला आंबेडकर गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेले जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांचे निधन झाले. कोणत्याही घरात, मठात वा स्वतः उभारलेल्या धर्मशाळेत त्यांचा अंत झाला नाही. तो रस्त्यावर झाला. अमरावतीत त्यांची समाधी आहे, आणि तेथील विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे.

त्यांच्यामागे हा वाद न्यायालयांपर्यंत गेला. मुंबईच्या पदपथवासीयांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. मात्र पर्यायी जागा देणे ही पदपथावरून हलविण्याची सर्वसाधारण पूर्वअट मानली नाही. २०१० मध्ये त्याच न्यायालयाने मोठ्या शहरांत एक लाख लोकसंख्येमागे किमान एक रात्रनिवारा असावा असे निर्देश दिले, आणि २०१३ मध्ये केंद्र सरकारच्या शहरी उपजीविका अभियानात बेघरांच्या निवाऱ्याचा अंतर्भाव झाला. २०११ च्या जनगणनेत देशात सतरा लाखांहून अधिक माणसे बेघर आढळली. त्यांपैकी नऊ लाखांहून अधिक शहरांत होती. नगराचे कर्तव्य कागदावर मान्य झाले आहे. निवारा म्हणजे रात्रीपुरते छप्पर की राहण्याचे घर, हा प्रश्न अद्याप शिल्लक आहे.

मुंबईत दादरला बाबांच्या नावाची एक धर्मशाळा आहे. ती त्यांच्या निधनानंतर उभी राहिली. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचारासाठी दूरदूरच्या प्रांतांतून आलेले कर्करोगी आणि त्यांचे नातलग तेथे उतरतात; बंगाली, हिंदी, ओडिया, असमिया अशा अनेक भाषा तेथे कानावर पडतात. निरक्षर वऱ्हाडी कीर्तनकाराचे नाव या मंडळींनी गावी असताना ऐकलेले असेलच असे नाही. या धर्मशाळेत जागा मर्यादित आहे. ज्यांना ती मिळत नाही, त्यांच्यापैकी कित्येकजण रुग्णालयालगतच्या पदपथावर, हातात तपासणीचे कागद आणि उशाशी बोचके घेऊन रात्र काढतात. त्यांच्या निवाऱ्याचा हिशेब गाडगेबाबांच्या नावे मांडून भागणार नाही. त्यांना ज्या शहराने उपचारासाठी बोलावले, त्या शहराच्या खात्यावर तो मांडला गेला पाहिजे.